सुरतेचा उन्हाळा आणि घरी बांधलेली गाडी

घरी बांधलेल्या गाडीचं इंजिन तापलं की सल्ले ठरलेले असतात. पहिला : रेडिएटर मोठा टाक. दुसरा : थर्मोस्टॅट काढून फेक. तिसरा : पंखा डायरेक्ट कर. सल्ले देणारी माणसं काही कच्ची नसतात. उमर गॅरेजात गेलेली असते. तरीही हे तिन्ही उपाय करून गाडी पुन्हा तापते, कारण बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झालेली असते. कूलिंग म्हटलं की आपलं लक्ष पाण्याकडे जातं. घरच्या गाडीत घोळ असतो तो हवेचा, आणि तोही दुहेरी : बाहेरची हवा रेडिएटरमधून आरपार जात नाही आणि आतली हवा पाण्याच्या वाटेतून बाहेर पडत नाही. सुरतेसारख्या शहरात गाडी बांधायची तर या दोन हवांचं काय करायचं, याबद्दल आज काय माहीत आहे, वाद कशावर आहेत आणि पैसा कुठे घालावा, याचा हा आढावा.

कोण बांधतं आणि का

सुटे भाग विकत घेऊन घरी गाडी जुळवण्याची रीत रुजली ती इंग्लंडात. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन किटच्या रूपात घेतली की तिथला खरेदी कर वाचत असे. किटसोबत जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून कंपनी गाडी उकलण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाची, हा किस्सा त्या जगात आजही सांगितला जातो. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि करबचतीचं कारण संपलं, हौस उरली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांच्या पुस्तकाने अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचं स्वप्न सामान्य घराच्या अंगणात आणलं.

आपल्याकडेही ही ओढ जुनी आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ ही छोटी गाडी घडवली, एकामागून एक नमुने केले; बाजारात मात्र ती आली नाही. अलिबागच्या बाजूला चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली, तिच्यात ॲम्बेसेडरमुळे परिचित झालेलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. आणि दरवर्षी देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा आणि फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाड्या बांधतात.

सुरतेला या कामासाठी लागणारे हात मुबलक आहेत. पांडेसरा आणि सचिनच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या गिरण्यांत, बॉयलर आणि वाफेच्या लाइनी दिवसरात्र चालतात. उधना, लिंबायत, डिंडोली भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांतले कित्येकजण लूम आणि गिरण्यांच्या देखभालीवर आहेत. पाण्यातला क्षार नळीत कसा चढतो, लाइनीत हवा अडकली की काय होतं, हे गिरणीतल्या फिटरला शिकवावं लागत नाही. गाडीच्या कूलिंगचं शास्त्र ते तेवढंच आहे. फक्त आकार लहान आणि जागा अडचणीची.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाण्यात उतरतो. घरच्या गाडीसाठी आपल्याकडे हमखास मिळणारं इंजिन म्हणजे मारुती ८०० चं : ७९६ सीसी, ३७ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २७ किलोवॉट. पूर्ण जोर लावला तर साधारण तेवढीच उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते. घरातला गिझर दोन किलोवॉटचा धरला तर तेरा गिझर एकदम चालू केल्यासारखं हे काम आहे.

ती उष्णता वाहून न्यायला मिनिटाला पन्नासेक लिटर पाणी फिरावं लागतं. ते काम वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, निमूटपणे करते. हवेची मागणी ऐकली की मात्र डोळे उघडतात : रेडिएटरमधून जाताना हवा २५ अंशांनी तापते असं धरलं, तर सेकंदाला सुमारे एक घनमीटर हवा लागते. छोट्या गाडीचा विजेचा पंखा एकटा एवढी हवा ओढू शकत नाही. थांबलेल्या गाडीला एवढी लागतही नाही, कारण आयडलवर इंजिन फार थोडी उष्णता टाकतं. वेगात जाताना हवा गाडीच्या चालीने मिळाली पाहिजे, थांबल्यावर पंख्याने. दोन वेळांची ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

आता हवामान. रेडिएटरची ताकद पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेर २० अंश असेल तर फरक ७५. सुरतेत उन्हाळ्याच्या दुपारी ४२ अंश झाले तर फरक ५३. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण कामाला जवळजवळ तीस टक्के कात्री. इंग्लंडातल्या किटचं मोजमाप जसंच्या तसं उचललं तर ते इथे तोकडं पडतं, ते याचमुळे.

पण मारुतीचा मूळ रेडिएटर भारतीय उन्हाळ्यासाठीच ठरवलेला असतो, तोही चार माणसं आणि एसीचा भार धरून. घरची उघडी दोन माणसांची गाडी त्याहून हलकी असते. म्हणजे कागदावर तो पुरायला हवा. तरी पुरत नाही, कारण रेडिएटर तोच राहिला तरी त्याची जागा आणि त्याच्या भोवतालचा पत्रा बदलला.

बाहेरची हवा

कंपनीच्या गाडीत रेडिएटरच्या कडेला फोम, रबराच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे पडदे असतात. भंगारातून गाडी उकलताना हेच पहिल्यांदा कचऱ्यात जातात. हवा मूर्ख नसते. जाळीतून वाट काढण्यापेक्षा बाजूच्या फटीतून जाणं तिला सोपं. रेडिएटर आणि नाकाचा पत्रा यांच्यात दोन बोटांची फट राहिली तरी मोठा वाटा तिथून निसटतो. गाडी थांबलेली असते तेव्हा तर उलटंच होतं : पंख्याने मागे फेकलेली गरम हवा त्याच फटींतून फिरून पुढे येते आणि पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते. वाहतुकीच्या कोंडीत काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, हे या दुखण्याचं नेमकं लक्षण.

उपाय स्वस्त आहे. नाकाच्या तोंडापासून रेडिएटरच्या चारही कडांपर्यंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा बंद बोगदा करायचा आणि कडांना फोम लावायचा. बोगदा नीट बंदिस्त असेल तर पुढचं तोंड रेडिएटरच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं असलं तरी चालतं. तोंडाकडून रेडिएटरकडे जाताना वाट रुंदावत गेली की हवेचा वेग घटतो, दाब वाढतो आणि ती सगळ्या जाळीवर सारखी पसरते. विमानांच्या रेडिएटरबाबत हा विचार एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३० च्या दशकात मांडला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा बोगदा त्याच विचारातून आला.

आत येण्याची वाट सगळेच करतात. बाहेर जाण्याची वाट विसरतात. सेव्हनच्या वळणाच्या गाड्यांत रेडिएटर नाकात असतो आणि त्यातून निघालेली गरम हवा थेट इंजिनच्या कप्प्यात जाते. तो कप्पा चहूबाजूंनी बंद असेल तर आत दाब साचतो आणि पुढून हवा शिरायलाच तयार होत नाही. निघणारी हवा तापून फुगलेली असते, म्हणून बाहेरचं दार आतल्या दारापेक्षा मोठं हवं, आणि ते अशा जागी हवं जिथे गाडी चालताना दाब कमी असतो : बॉनेटच्या पुढच्या भागात वरून काढलेल्या झापा किंवा चाकांच्या मागचा कोपरा. काचेच्या पायथ्याशी झापा काढल्या तर तिथे दाब जास्त असल्याने हवा उलटी आत येते.

इंजिन मागे ठेवणाऱ्यांचा प्रश्न आणखी अवघड. साणंदला बनलेल्या टाटा नॅनोचं इंजिन मागे होतं आणि मागच्या चाकांच्या पुढे दोन्ही बाजूंना हवा घेणारी तोंडं काढलेली होती. घरच्या बग्गीत रेडिएटर मागे इंजिनपाशी टाकला तर नळ्या आखूड राहतात, पण त्याला हवा मिळत नाही आणि चिखल मात्र भरपूर मिळतो. पुढे ठेवला तर हवा मिळते, पण नळ्या गाडीभर जातात आणि पाण्यातली हवा काढणं जिकिरीचं होतं.

पंख्याबद्दल दोनच गोष्टी. तो शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा, आणि त्याला पूर्ण रेडिएटर झाकणारं कव्हर असावं. कव्हर नसेल तर पंखा स्वतःच्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. चौकोनी जाळीचे कोपरे नुसते पाहत बसतात.

आतली हवा

जुन्या फोर्ड मॉडेल टी गाडीला सुरुवातीच्या काही हजार गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरे. त्यासाठी रेडिएटर उंच आणि इंजिनला लागून असावा लागे. आजच्या घरच्या गाडीत नेमकं उलट असतं : नाक बुटकं म्हणून रेडिएटर खाली, आणि इंजिनचं हेड किंवा थर्मोस्टॅटची बैठक ही सगळ्यांत उंच जागा. हवेचा बुडबुडा उंच जागी जाऊन बसतो, म्हणजे इंजिनच्या सगळ्यांत तापणाऱ्या भागातच. तिथे पाणी पोहोचत नाही, धातू तापतो, वाफ होते, बुडबुडा मोठा होतो. हेड गॅस्केट उडालं की दोष रेडिएटरला दिला जातो.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे सगळ्या व्यवस्थेच्या वर बसवलेली, दाब सहन करणारी टाकी. इंजिनच्या सर्वोच्च बिंदूपासून आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यापासून बारीक नळ्या तिच्यात आणायच्या, आणि तिच्या तळातून जाड नळी वॉटर बॉडीच्या ओढणाऱ्या बाजूला जोडायची. मग गाडी चालते तशी हवा स्वतःहून वर जमत जाते. पाणी तापताना फुगतं तेही या टाकीतच मावतं : खोलीच्या तापमानापासून ९० अंशांपर्यंत जाताना पाणी तीन-साडेतीन टक्के फुगतं, कूलंट मिसळलेलं त्याहून थोडं जास्त. आठ लिटरच्या गाडीत म्हणजे पाव लिटरहून अधिक.

ही टाकी असो-नसो, पहिल्यांदा पाणी भरण्याचं काम घाईत उरकण्यासारखं नाही. गाडीचं नाक जॅकवर उचलतात, म्हणजे भरण्याचं तोंड सगळ्यांत वर येतं. हिटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवतात. थर्मोस्टॅटच्या चकतीवर बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. ती वरच्या बाजूला आहे ना, हे बसवतानाच पाहावं लागतं, कारण बंद थर्मोस्टॅटमागची हवा तिथूनच सुटते. मग चाडी लावून सावकाश, बारीक धारेने ओतायचं आणि वरचा होज पाइप हाताने दाबत-सोडत राहायचं. दर दाबाला चाडीत गुडगुड होते, पातळी बोटभर उतरते. गुडगुड थांबली की इंजिन सुरू. दहा-पंधरा मिनिटं वरचा पाइप थंडच लागतो. मग एकाएकी तो हाताला चटका देतो, थर्मोस्टॅट उघडलेला असतो, आणि चाडीतलं पाणी गपकन खाली जातं. इथेच अनेकजण झाकण लावून मोकळे होतात. वास्तविक अडकलेली हवा याच क्षणी हलते; पाणी टाकत राहायचं, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा पाहायची. ती उतरलेली असतेच.

नळ्यांच्या बाबतीत गिरणीचा अनुभव उपयोगी पडतो, पण एका ठिकाणी दगा देतो. घरगुती नळाचा जीआय पाइप इथे चालत नाही, त्याचा जस्ताचा थर कूलंटमध्ये विरघळतो. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलची नळी घ्यावी, तिच्या टोकाला उंचवटा काढून घ्यावा, नाहीतर दाब आला की होज क्लॅम्पसकट सटकतो. वॉटर बॉडीच्या ओढणाऱ्या बाजूचा होज मऊ असेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो, त्यात आतून स्प्रिंग हवी.

झाकण, पाणी आणि कूलंट

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब आहे, आणि जवळपास एक बार दाबाखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट मिसळलं तर आणखी काही अंश वर. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सवलत गेली. नवं झाकण या सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि सर्वांत उशिरा बदलली जाते.

सुरतेत पारा गोठणबिंदूच्या जवळपासही जात नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. शुद्ध पाणी उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, आणि ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक, पितळी नळी अशी सरमिसळ असलेल्या इंजिनात ती नसतील तर धातू धातूला खातो. म्हणून सुरतेसाठी सुवर्णमध्य निघतो तो एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी असा. पाणी मात्र डिस्टिल वॉटर. तापीच्या मुखालगतच्या भागात बोअरचं पाणी खारं आणि जड असतं. गिरण्या ते सॉफ्टनरशिवाय बॉयलरला देत नाहीत, मग इंजिनला का द्यावं? रंगावरून कूलंटची जात ओळखू नये, रंग कंपनी मनाला येईल तो टाकते. आणि काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नये, ते चवीला गोड आणि विषारी असतं; गल्लीतलं कुत्रं चाटून मरतं.

फॉर्म्युला स्पर्धांत उलटा नियम आहे : फक्त साधं पाणी. कारण सांडलेलं ग्लायकॉल ट्रॅक निसरडा करतं. स्पर्धेची गाडी सतत उघडली-जोडली जाते, म्हणून तिथे ते खपतं. घरच्या गाडीने तो कित्ता गिरवू नये.

रेडिएटरच्या धातूबाबत मतं विभागलेली आहेत. तांबं-पितळेच्या रेडिएटरला कुठल्याही रेडिएटरवाल्याकडे डाख देता येतो, नळ्यांत सळई घालून साफ करता येतं. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण त्याला टिग वेल्डिंगचा सराईत हात लागतो आणि डुमस-हजीराकडच्या खाऱ्या हवेत त्याची जाळी पांढरी पडते. सुरतेत दोन्ही कामं होतात. तेव्हा हा प्रश्न उरतो तो वजनाचा आणि खिशाचा.

थर्मोस्टॅटचा वाद

थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते, ही समजूत आपल्या गॅरेजांत घट्ट बसलेली आहे. अडकलेला थर्मोस्टॅट काढला तर फरक पडतोच, म्हणून तिला बळ मिळतं. चांगला थर्मोस्टॅट काढला तर इंजिन तापायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडर लवकर झिजतो. आणि काही इंजिनांत बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तपासायला हवा. पाणी फार वेगाने गेलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. वेग वाढला की उष्णता देणं-घेणं सुधारतंच. खरा तोटा दुसरा आहे. थर्मोस्टॅटच्या अरुंद वाटेमुळे ब्लॉकमध्ये दाब टिकतो आणि हेडच्या तापलेल्या कोपऱ्यांत पाणी उकळत नाही. वाट मोकळी केली की तो दाब जातो.

पंखा डायरेक्ट करण्यामागेही अविश्वासच असतो. सेन्सर आणि रिले वायरिंगमध्ये नीट बसले तर त्याची गरज नाही. पंखा सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तो डॅशबोर्डवरच्या बारक्या स्विचमधून नेला तर स्विच जळतो. हाताने चालवायचा स्विच रिलेच्या बाजूला जोडीने ठेवावा, त्याऐवजी नव्हे. आणि तापमानाच्या काट्यावर आंधळा भरवसा नको : पाणी गळून सेन्सर कोरडा पडला की काटा खाली येतो आणि चालवणारा निर्धास्त होतो. पातळी घटली की दिवा लावणारा वेगळा सेन्सर म्हणूनच चैन मानू नये.

विजेवरची गाडी आणि कायदा

हल्ली घरची गाडी विजेवर करण्याकडे कल आहे. मोटर आणि कंट्रोलर इंजिनच्या मानाने फार थोडी उष्णता टाकतात, म्हणून कूलिंग सोपं होईल असं वाटतं. पण कंट्रोलरला येणारं पाणी साधारण ६० ते ६५ अंशांच्या आत ठेवावं लागतं. सुरतेच्या ४२ अंशांत उरणारा फरक वीसेक अंशांचा. उष्णता थोडी आणि ती टाकायला उतारही थोडा. तेव्हा हवेचा बोगदा तिथेही तितकाच लागतो.

कायद्याने मात्र हात बांधलेले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या तपशिलांना छेद देणारे बदल करता येत नाहीत; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावलं. नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो, तो खर्च एकट्या माणसाच्या आवाक्यातला नाही. मंजुरीशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्ता नाही, म्हणून सुरतेच्या जवळचा खरा घाट, सापुताऱ्याचा, अशा गाडीच्या चाचणीला उपलब्ध नाही. चाचणी खासगी आवारातच करायची : आधी झाकणाच्या दाबाएवढा हातपंपाने दाब देऊन गळती पाहायची, मग भर दुपारी अर्धा तास आयडल, मग पहिल्या गिअरमध्ये रखडत फेऱ्या. जी गाडी मे महिन्यात पहिल्या गिअरमध्ये तापत नाही, तिच्या पंख्याची आणि बोगद्याची परीक्षा झाली. वेगातली परीक्षा उरते, ती ट्रॅक मिळेल तेव्हा.

पैसा कुठे घालावा

वरचं सगळं मांडून पाहिलं तर खर्चाचा क्रम गॅरेजच्या सल्ल्याच्या नेमका उलटा येतो. आधी पत्रा आणि फोम, मग बाहेर जाणारी वाट, मग वरची टाकी आणि बारीक नळ्या, मग झाकण आणि कूलंट, मग कव्हरसकट पंखा आणि रिले. एवढं करूनही काटा चढला तरच मोठा रेडिएटर. पहिली दोन कामं कात्री, पॉप रिव्हेट आणि एका रविवारची आहेत, आणि बहुतेक गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं. मोठा रेडिएटर आधी घेतला तर तो त्याच अडलेल्या हवेत उभा राहतो, आणि नाकात जागा न उरल्याने बोगदा करायची संधीही जाते.